निळ्या दोऱ्याची गाठ

या सगळ्या उलाढालीत बॅटरीवाल्याला पैसा सुटणार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, मेल्याने चार दमड्यांसाठी केलं. दमड्यांचा त्याला लोभ नव्हता. त्याला हवी होती सासऱ्याच्या तोंडची एक हाक.

लग्न झाल्यापासून म्हातारा त्याच्याशी थेट बोललाच नव्हता. दोघं समोरासमोर बसलेले असले तरी म्हातारा मुलीकडे बघून म्हणायचा, "थोरले, तुझ्या नवऱ्याला विचार, चहा घेणार का." मग हाही बायकोकडे बघून म्हणायचा, "मामांना सांग, अर्धा घेतो." दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर, पण निरोप असा फिरून जायचा की वाटावं मधे अख्खा तलाव पसरलाय.

भांडण काहीच नव्हतं. बॅटरीवाल्याला पोहता येत नव्हतं, एवढंच. काठाला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. आणि म्हाताऱ्याचा उभा जन्म धरणाच्या तलावात मासे धरण्यात गेलेला. मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. थोरली लहानपणापासून बापाच्या मांडीला मांडी लावून जाळी विणायची. ती डावखुरी. तिची गाठ इतरांच्या उलट्या अंगाला पडायची, शेपूट डावीकडे. काठावरचे लोक हसायचे, "ही पोर जाळं आरशात बघून विणते." म्हातारा तिचं जाळं वेगळं ठेवायचा आणि तेच आधी पाण्यात सोडायचा. अशा लाडक्या लेकीने नवरा निवडला तो शटरच्या आड बसणारा, हाताला तेजाबाचा वास येणारा. म्हाताऱ्याने त्याचं नाव ठेवलं 'कोरडे जावई' आणि विषय मिटवला.

धाकटीने मात्र बापाच्या मनासारखा आणला. त्याला सगळे पाणकावळा म्हणत. बुडी मारली की वर कुठे निघेल याचा नेम नसे. म्हातारा त्याला "अरे" म्हणायचा, शिव्या घालायचा, पाठीत धपाटा घालायचा. बॅटरीवाला ते धपाटे लांबून मोजायचा. इतक्या वर्षांत आपल्या वाट्याला एकही नाही.

मग तलावावर नवा नियम आला. शहर हेच पाणी पितं, म्हणून तेलावरची इंजिनं बंद, फक्त विजेच्या मोटरी चालतील. काठावर एकच रड सुरू झाली. म्हाताऱ्याने जुनं इंजिन काढून गोणपाटात गुंडाळलं, एक ट्रोलिंग मोटर पैदा केली, म्हणजे होडीच्या शेपटाला लावायची लांब दांड्याची मोटर, आवाज जवळजवळ नाहीच. ती अंगणात ठेवून तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "थोरले, तुझ्या नवऱ्याला यातलं काही कळतं का, विचार."

बॅटरीवाला तिथेच उभा होता. त्याला यातलं सगळंच कळत होतं.

"मामांना सांग, मोटर चोवीस व्होल्टची आहे. बाराच्या दोन बॅटऱ्या लागतील, एकीमागे एक जोडायच्या. दोन्ही सारख्या हव्यात. एका कंपनीच्या, एका वयाच्या, दोन्ही नव्या."

म्हाताऱ्याने विचार केला आणि फर्मान काढलं: होडी पुढेमागे दोघी लेकींची, तर बॅटऱ्याही दोघा जावयांनी एकेक आणायच्या. कुणी म्हणायला नको की होडीत माझं काही नाही.

पाणकावळ्याने बॅटरीवाल्याला विचारून, तो म्हणाला तीच कंपनी, तेच माप, नवी कोरी बॅटरी आणली. आपली ओळखू यावी म्हणून तिच्या मुठीला जाळ्याचा निळा दोरा बांधला, कोळ्याची पक्की गाठ मारून. आता बॅटरीवाल्याने काय करायचं? स्वतःच्याच फळीवरून तशीच दुसरी नवी उचलायची. उचलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि कुणी सांगितलीही नसती.

पण या माणसाला एक खोड होती. मेलेल्या बॅटऱ्या उठवायची. पेटी फोडायची, सडलेल्या पट्ट्या काढायच्या, दुसऱ्या मढ्यांतल्या बऱ्या पट्ट्या आत बसवायच्या, नवं तेजाब भरायचं, वरून डांबर ओतून तोंड बंद करायचं. त्याच्या हातची उठवलेली बॅटरी रिक्षात, दुकानाच्या दिव्याला, घरच्या पंख्याला छान चालायची. तशीच एक, त्याच कंपनीच्या पेटीतली, त्याने आठवडाभर मन लावून तयार केली. पुसून लख्ख केली, नवं लेबल डकवलं. त्याचा बेत असा: हंगामभर होडी हिच्यावर पळू द्यायची. मग सगळे काठावर बसलेले असताना हळूच सांगायचं, "मामा, तुम्ही हंगामभर ज्या बॅटरीवर फिरलात ना, ती मी भंगारातून उचलली होती." आणि मग म्हातारा त्याच्याकडे, त्याच्याकडेच, बघून काहीतरी म्हणेल. काय म्हणेल याच्या त्याने चारपाच तऱ्हा मनात रंगवून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीत पाठीत धपाटाही होता.

त्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर, त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती: जुनी-नवी जोडी लावू नये. बिघाड झाल्यास दुकान जबाबदार नाही.

थोरलीने डांबर ओतताना बघितलं. "ही होडीला?"

"होडीलाच."

"पाटी कुणासाठी लावलीय मग?"

"गिऱ्हाइकांसाठी," तो म्हणाला. "आपण काय गिऱ्हाईक आहोत?"

जोडणी काठावर झाली. बॅटरीवाल्याने काम मात्र देखणं केलं. जाड तार, तोंडाला पितळी चाप. एकीच्या प्लसपासून दुसरीच्या मायनसला आखूड तुकडा. उरलेली दोन टोकं मोटरीला, वाटेत ताण वाढला तर खाली पडणारा खटका. दोन्ही बॅटऱ्या लाकडी खोक्यात, वरून पट्टे इतके आवळले की होडी उलटी झाली असती तरी त्या हलल्या नसत्या. खोक्याच्या झाकणावर त्याने एक काट्याचं मीटर बसवलं. ते कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांना फारच आवडलं.

पाणकावळा उकिडवा बसून बघत होता. "हा मधला तुकडा कशाला, दादा?"

"त्याच्याशिवाय दोघींची ताकद एक होत नाही."

"म्हणजे तुम्ही-आम्ही साडू, तशाच या. आणि मधला तुकडा म्हणजे सासरा."

लोक खो खो हसले. म्हाताऱ्याने पाणकावळ्याच्या पाठीत एक ठेवून दिली. बॅटरीवाला पाना फिरवत राहिला.

म्हाताऱ्याचा एक जुना दंडक होता. होडीला ज्याने काही जोडलं त्याने पहिल्या फेरीला होडीत बसायचं. सुतार असो, लोहार असो, नाहीतर रंगारी. हाताचं काम अंगावर घेतल्याशिवाय नीट होत नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा कोरड्या जावयाला बसणं भाग होतं. तो मधल्या फळीवर बसला, दोन्ही हातांनी काठ धरून. पाणकावळा मोटरीच्या दांड्याशी, मागच्या फळीवर. ती फळी म्हाताऱ्याची. तिथे बसायचं म्हणजे होडीचा धनी व्हायचं. आज तो काठावर थांबून बघणार होता.

त्याने वल्ही उचलली. "थोरले, विचार त्याला, ही आत टाकू का?"

वल्ही ठेवायच्या नेमक्या जागी बॅटऱ्यांचं खोकं होतं. आडवी टाकता आली असती. पण सगळा काठ बघत होता, आणि बॅटरीवाल्याला त्या दिवशी बोलणं सुचत होतं. "मामांना सांग, वल्ही घेतली तर मोटरीला अपमान वाटेल."

काठ हसला. म्हाताराही, मिशीत, थोडासा. बॅटरीवाल्याने ते हसू बघितलं आणि खिशात घातल्यासारखं जपलं. वल्ही काठावर राहिली.

वर डोंगरात बरेच दिवस पाऊस कोसळत होता. तलाव काठोकाठ, गढूळ. होडी अशी निघाली की पाणकावळ्याने आरोळीच ठोकली. ना धूर, ना धडधड. "दादा, हे म्हणजे चोरी करायला निघाल्यासारखं वाटतंय!" बॅटरीवाल्याच्या पोटात ढवळायचं विसरलं. त्याची नजर मीटरवर होती. काटा ताठ होता.

बराच वेळ तसाच राहिला. मग किंचित कलला.

धरणाच्या भिंतीच्या अलीकडे साखळीने बांधलेल्या पिंपांची रांग तरंगते. तिच्या पलीकडे जायला मनाई. आणि मोठा मासा नेमका पलीकडे, भिंतीच्या सावलीत. त्यामुळे सगळेच जातात. भोंगा वाजला की दरवाजे उघडायच्या आत परत फिरायचं, एवढंच पथ्य. पिंपांच्या रांगेशी येईपर्यंत काटा चांगलाच खाली आला होता. बॅटरीवाल्याने खोक्यात हात घातला. एक बॅटरी गार. दुसरीची पेटी तव्यासारखी.

काय होतंय ते त्याला लख्ख कळलं. एकीमागे एक जोडलेल्या दोघींत जी दुबळी असते ती आधी बसते, आणि बसताना दुसरीलाही ओढते. तो हे रोज गिऱ्हाइकांना सांगायचा. आत्ता मागे फिरून अर्ध्या वेगाने गेलं असतं तर मोटरीने त्यांना रखडत का होईना काठाला लावलं असतं. तोंडातून फक्त दोन शब्द काढायचे होते: मागे फिरव.

पण मग पाणकावळा विचारणार, का? खोकं उघडणार. काठावर जाऊन, सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला सांगणार, कोरड्यांनी जुनी घातली. आणि म्हातारा मुलीकडे बघून म्हणणार... त्याच्याही चारपाच तऱ्हा बॅटरीवाल्याच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"दादा, जरा मंदावली का हो?"

"नवी आहे," बॅटरीवाला म्हणाला. "पहिल्या दिवशी लाजते."

पाणकावळा हसला आणि होडी त्याने दोन पिंपांच्या मधून आत घातली.

भोंगा वाजला तेव्हा गळ नुकताच पाण्यात पडला होता. पाणकावळ्याने दोरी तोडून टाकली, होडी फिरवली, दांडा पुरता पिळला. काटा पार तळाला जाऊन टेकला. पातं वीज गेल्यावरच्या पंख्यासारखं आळसावून फिरलं आणि थांबलं.

"दादा! हिला काय झालं?"

"तार सैल झाली असेल." आणि तो खरंच खाली वाकून, घट्ट असलेला चाप पुन्हा घट्ट करू लागला. तेवढ्यातही. तेव्हासुद्धा.

दरवाजे उघडले. होडी आपोआप चालू लागली, पण उलटी, भिंतीकडे. पाणकावळ्याने माशांच्या खोक्याची फळी उचकटून वल्ह्यासारखी मारून बघितली. ती हातात मोडली. मग त्याने फळीखालून हवा भरलेली ट्यूब ओढली. होडीत एकच होती. त्याला कधी लागली नव्हती.

"घाला."

"आणि तू?"

"मी पाणकावळा. तुम्ही नावाला बट्टा लावू नका, दादा. कोरडेच राहा." आणि स्वतःच्या हाताने त्याने ती बॅटरीवाल्याच्या काखेत चढवली.

होडी आडवी होऊन दोन दरवाज्यांमधल्या खांबाकडे निघाली. पाणकावळा बांबू रोखून उभा राहिला, धडक चुकवायला. बांबू खांबाला लागला, वाकला, आणि सुटला. एवढंच दिसलं. होडी खांबाच्या कोनात जाऊन अडकली, आणि मागच्या फळीवर कुणी नव्हतं.

भिंतीवरच्या पहारेकऱ्यांनी दोर टाकून बॅटरीवाल्याला वर ओढला. तो ओकत होता. "अजून कोण होतं?" त्यांनी विचारलं. त्याने खाली, दरवाज्याच्या पलीकडे, जिथे पाणी पांढरं होऊन पडत होतं तिकडे बोट दाखवलं.

पाणकावळा नदीच्या वळणावर सापडला. या वेळी कुठे निघाला ते सगळ्यांना कळलं.

दिवस-कार्य उरकल्यावर म्हाताऱ्याचा निरोप आला. होडी काढली होती, खोकं जागच्या जागी होतं. पट्टे कुणी आवळले होते ते आपल्याला माहीतच आहे. म्हाताऱ्याला एकच जाणून घ्यायचं होतं: दोघींतली कुठली गेली. आणि गावात ते सांगू शकणारा माणूस एकच.

बॅटऱ्या दुकानात आल्या. बॅटरीवाल्याने भर दुपारी शटर अर्धं ओढलं. दोन पेट्या शेजारी, हुबेहूब. फरक म्हणजे एकीच्या मुठीला निळा दोरा. तो चिमटा घेऊन बसला, गाठ सोडवली. सुटली. दोरा दुसऱ्या पेटीच्या मुठीत घातला. आता बांधायचा. त्याने साधी गाठ मारली. लहान मुलालाही कळलं असतं की ही कोळ्याची नाही. सोडली, पुन्हा मारली. दोऱ्याला पाण्याचा वास येत होता.

शटरखालून वाकून थोरली आत आली. डबा घेऊन आली होती. तिने दोरा बघितला, पेट्या बघितल्या.

"तो गेलाय," तो म्हणाला. "त्याला आता काय फरक पडतो? मला तुरुंगात घालतील. तुला धाकटी दारात उभी करणार नाही. मामा तर... तू सांग, तू काय करशील?"

तिने डब्याची कडी सोडली, पुन्हा लावली.

"तो तुम्हाला दादा म्हणायचा," ती म्हणाली.

मग तिने डबा गल्ल्यावर ठेवला आणि दोरा हातात घेतला. एका झटक्यात गाठ बसली, घट्ट, सुबक, कोळ्याची.

संध्याकाळच्या आत म्हातारा आला, धाकटीला घेऊन. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. बॅटरीवाल्याने काचेची नळी काढली, रबरी फुगा दाबून बिनदोऱ्याच्या बॅटरीतलं तेजाब वर ओढलं. आतली कांडी वर तरंगली. "ही माझी. ठीक आहे." मग निळ्या दोऱ्याची. एकेका कप्प्यातलं तेजाब ओढलं, आणि प्रत्येक वेळी कांडी तळाला जाऊन बसली. ते बघायला शिकलेलं असायची गरज नव्हती.

"नवी होती," धाकटी म्हणाली. "खोकं मी माझ्या हाताने फोडलं."

"नव्यातही खराब निघते."

"ते म्हणाले होते, दादांनी सांगितली तीच घेतलीय." तिचा आवाज बारीक झाला. "की यांनी दुसरीकडून आणली, स्वस्तातली? मला खोटं सांगितलं का यांनी, भावोजी?"

बॅटरीवाल्याने नळी पुसली. पुसतच राहिला. आणि 'नाही' म्हणाला नाही.

धाकटी खाली बसली आणि रडायला लागली, पण आता वेगळं. आता त्यात राग होता, मेलेल्या माणसावरचा.

म्हाताऱ्याने मात्र नळीकडे धड बघितलंही नव्हतं. तो बॅटरीपाशी वाकला होता, गेलेल्या जावयाच्या दोऱ्यावरून शेवटचा हात फिरवावा तसा. अंगठा गाठीवर गेला आणि तिथे थांबला. त्याने गाठ थोडी फिरवली. शेपूट डावीकडे होतं.

तो सावकाश सरळ झाला. दारात थोरली उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. बापाने तिच्याकडे बघितलं, मग जावयाकडे. म्हाताऱ्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं बॅटरीवाल्यालाही कळलं. त्याने नळी खाली ठेवली. आता म्हाताऱ्याने फक्त तोंड उघडायचं होतं.

पण एक लेक जमिनीवर बसून रडत होती. तोंड उघडलं की दुसरीचंही घर मोडणार होतं, आणि मोडणारा तोच ठरणार होता.

"जावईबापू," म्हातारा म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थेट, डोळ्यांत बघून.

"जी मामा."

"उद्यापासून मागच्या फळीवर तुम्ही बसायचं. दोन घरं आहेत, होडी थांबून चालणार नाही. वल्ही बरोबर ठेवायची."

"जी."

मग धाकटीकडे बघत, थोरलीकडे अजिबात न बघता, तो म्हणाला, "आणि जावईबापू, तुमच्या बायकोला सांगा, हिला घोटभर पाणी आणून दे."

थोरली दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं. तरी ती हलली नाही. नवऱ्याने निरोप सांगायची वाट बघत राहिली. तो त्याला सांगावाच लागला.

तेव्हापासून तसंच चालू आहे. बॅटरीवाला रोज मागच्या फळीवर बसतो, दोन नव्या बॅटऱ्यांवर होडी चालवतो आणि काठाला लागेपर्यंत दात आवळून ओकारी दाबतो. म्हातारा त्याच्याशी दिवसभर बोलतो: वाऱ्याबद्दल, माशांबद्दल, "अहो जावईबापू" म्हणून. घरी आला की त्याच्याकडेच बघून म्हणतो, "तुमच्या बायकोला विचारा, चहा टाकणार का." थोरलीने विणलेलं जाळं पडवीत खुंटीला टांगलेलं आहे, ते पाण्यात जात नाही.

तेव्हा हिशेब असा लागतो. पाणकावळ्याने जीव दिला आणि मागून नावही दिलं. धाकटीने नवरा दिला, आणि त्याच्यासाठी रडण्याचा हक्कही. म्हाताऱ्याने आपली लाडकी लेक दिली, थोरलीने आपला बाप. बॅटरीवाल्याला द्यावं काहीच लागलं नाही. जे हवं होतं ते त्याला पुरतं मिळालं, आणि ते रोज, हाक मारमारून, त्याच्या पदरात टाकलं जातं.